नवा एस्प्रेसो ग्राइंडर घरी आल्यावर: तपासणी कशी करायची, बिघाड कुठे शोधायचा

सगळ्यात आधी, खोका फेकू नका. थर्माकोल, पिशव्या, आतली ती इवलीशी ॲलन की, सगळं माळ्यावर टाका. माळा आकाशकंदील आणि गणपतीच्या मखराने आधीच भरलेला असतो हे मलाही माहीत आहे. पण दहा-बारा किलोचं ते धूड परत पाठवायची वेळ आली आणि भलत्याच खोक्यातून पाठवलं, तर वाटेत काय वाकलं आणि मुळातच काय वाकडं होतं, हा वाद तुम्हीच हरणार.

ओळखीत कोणी दुचाकी येईल एवढ्या पैशांचा ग्राइंडर घेतला की पंधरा दिवसांत मला फोन येतो. “दादा, बर वाकडे आलेत बहुतेक. एक शॉट वीस सेकंदांत, पुढचा चाळीस.” बर म्हणजे दाणे दळणाऱ्या चकत्या, आणि शॉट म्हणजे एस्प्रेसो मशीनमधून एका वेळी काढलेली कॉफी. मी जाऊन बघतो. बहुतेक वेळा बर सरळ असतात आणि घोळ दुसरीकडेच असतो. माझ्या स्वतःच्या यंत्रापायी मी तीन आठवडे डोकं फोडून घेतलं, त्याची गोष्ट पुढे येईलच. तेव्हापासून तपासणीचा क्रम मी ठरवून टाकला आहे. तो मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. फोनमध्ये लिहिलंत तर पुन्हा कधी उघडणार नाही, म्हणून वहीच.

ग्राइंडर म्हणजे जातंच

बर म्हणजे दातेरी पोलादी चकती. अशा दोन असतात, एक फिरते आणि दुसरी जागेवर बसलेली. जात्याची वरची तळी आणि खालची तळी आठवा, दाणा मधून आत शिरतो आणि कडेने पीठ होऊन बाहेर पडतो. घरच्या महागड्या यंत्रांत सपाट बर बहुधा ६४ किंवा ८३ मिलिमीटरचे असतात, शंकूच्या आकाराचे ६३ किंवा ६८चे.

गिरणीवाला पीठ चिमटीत चोळतो आणि बारीक की जाडसर ते सांगतो. एस्प्रेसोला चिमूट पुरत नाही. इथले कण पाव मिलिमीटरच्या आसपास, वर थोडी भुकटी, आणि त्यातून साधारण ९ बार दाबाने पाणी जायचं. दोन चकत्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या शतांश भागाने हललं तरी शॉटच्या वेळेत फरक दिसतो. चकत्या एकमेकींना समांतर नसतील तर एका बाजूने रवा पडतो आणि दुसऱ्या बाजूने मैदा, आणि पाणी अर्थातच रव्यातून पळतं. महागड्या ग्राइंडरमध्ये आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या समांतरपणाचे.

वीज

कंटाळवाणा भाग, पण याला बगल देऊ नका. यंत्राच्या तळाची पाटी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. पुण्यात निम्म्या घरांचं कोणी ना कोणी अमेरिकेत असतं आणि येताना ग्राइंडर बॅगेत घालून आणतं. तिथलं यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. ते थेट लावलंत तर पहिलाच शॉट धुराचा. ट्रान्सफॉर्मर घेतलात तर व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात. साधी इंडक्शन मोटर मग मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि जास्त तापते. पाटीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर काळजी नाही, फक्त पिन बदला.

पिनवरून आठवलं. युरोपातून आलेल्या यंत्राच्या गोल प्लगला अर्थिंगची पट्टी कडेला असते. आपल्या सॉकेटमध्ये अर्थिंगचं भोक वर असतं. तो प्लग स्वस्तातल्या ॲडॉप्टरमध्ये घुसवला की यंत्र चालतं, पण अर्थिंग कुठेच जोडलं जात नाही. धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर यंत्र बंद करा, इलेक्ट्रिशियनकडून प्लग बदलून घ्या आणि सॉकेटचं अर्थिंगही तपासून घ्या. पेठांमधल्या जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असेलच असं नाही.

रिकामं चालवून ऐका

दाणे न घालता यंत्र सुरू करा. आवाज सलग हवा. खरखर, ठोका किंवा दर फेऱ्याला येणारी कुरकुर नको. आता माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर मोटर चालू ठेवून, दळण किती बारीक ते ठरवणारा यंत्रावरचा आकडा हळूहळू बारीककडे न्या. एका जागी बर एकमेकांना जेमतेम शिवतील आणि ‘किर्र’ असा बारीक आवाज येईल. तिथेच थांबा, लगेच मागे या आणि आकडा वहीत लिहा. हा तुमचा शून्य. यंत्रावर छापलेला शून्य आणि हा शून्य एकच असतील असं नाही, म्हणून दुसऱ्या कोणाचा आकडा उचलून आपल्या यंत्राला लावू नका.

किर्र सलग आली तर उत्तम. किर्र, शांतता, किर्र अशी तालात आली तर कुठलातरी एक भाग उंच असण्याची शक्यता आहे. नोंद करून पुढे चला, एवढ्यात निष्कर्ष काढू नका.

एक सवय आत्ताच लावून घ्या. बरांमध्ये दाणे अडकलेले असताना आणि मोटर बंद असताना आकडा बारीककडे फिरवायचा नाही. दाणे चिमटीत सापडतात आणि पुढच्या वेळी मोटर अडते. बारीक करायचं तर मोटर चालू असताना. जाडसर करायला हे बंधन नाही.

पहिले दोन किलो

नव्या बरांच्या दातांना यंत्रशाळेतली धार असते, ती थोडी मवाळ व्हावी लागते. शिवाय आतल्या कोपऱ्यांत कॉफीच्या तेलाचा आणि भुकटीचा थर बसेपर्यंत आकडा रोज थोडा सरकत राहतो. सोमवारी जुळवलेला ग्राइंडर गुरुवारी चुकला, तर तो बिघडला असं नाही. दिवसाला १८ ग्रॅमचे दोन शॉट धरले तर दोन किलो म्हणजे जवळपास दोन महिन्यांची कॉफी. एवढा धीर नसेल तर एखाद्या रोस्टरकडे, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडे, शिळे किंवा भाजताना फसलेले दाणे स्वस्तात मागा. लाजू नका, त्यांनाही ते कुठेतरी घालवायचेच असतात. दाणे कोरडे हवेत, तेलाने चकाकणारे नकोत. चिकोरीचं मिश्रण या यंत्रात कधीच घालायचं नाही, फिल्टर कॉफीत ते कितीही छान लागो.

आणि तांदूळ दळू नका. ‘कच्चे तांदूळ दळले की बर साफ होतात’ हे कोणीतरी सांगणारच. तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा खूप कडक असतो. मोटरवर ताण येतो आणि आत पीठ बसतं ते वेगळंच.

वजन

इथे माझी गोष्ट. १८ ग्रॅम दाणे घातले की तेवढीच पूड बाहेर यायला हवी. एकेका डोसवर (दरवेळी एका शॉटपुरतेच दाणे घालून) चालणाऱ्या चांगल्या यंत्रात ०.१ ते ०.३ ग्रॅमची घट मी सोडून देतो. अगदी नव्या यंत्रात सुरुवातीला जास्त अडकते, तेही चालतं. माझ्याकडे मात्र कधी १७.३ ग्रॅम बाहेर यायची, कधी १८.४. घातली त्यापेक्षा जास्त! मी बर काढले, ब्रशने झाडले, परत बसवले, विक्रेत्याला दोन लांबलचक पत्रं लिहिली. एका संध्याकाळी वीज गेली. अंधारात चाळा म्हणून काट्यावर रिकामा कप ठेवला, तर आकडा खिळ्यासारखा स्थिर. वीज आली आणि तो नाचायला लागला. डोक्यावरचा पंखा! ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला पंख्याचा वारा पुरतो. म्हणजे वजन करताना पंखा बंद, काटा ओट्याच्या सपाट भागावर, आणि अधूनमधून ओळखीच्या वजनाने काट्याचीही परीक्षा.

पंखा बंद ठेवून दहा वेळा दळा आणि आत-बाहेरचं वजन लिहा. घट दरवेळी साधारण सारखी असेल तर यंत्र निर्दोष आहे. एकदा ०.८ ग्रॅम कमी आणि पुढच्या वेळी ०.६ जास्त, असं दिसलं तर पूड तोंडाशी साचून मधूनच सुटते आहे. त्याचा इलाज खाली.

तीन शॉट

आता चव आणि वेळ. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, हे जगभर चालणारं सुरुवातीचं माप आहे. त्यात पवित्र असं काही नाही, पण तपासणीला एक खुंटा लागतो. दाणे भाजून आठवडा ते तीन आठवडे झालेले घ्या आणि तारीख पाकिटावर वाचा. कालच भाजलेल्या दाण्यांतून वायू सुटत असतो, शॉट फसफसतो आणि आळ ग्राइंडरवर येतो. चिकमगळूरचा एस. ७९५ जातीचा मध्यम भाजलेला दाणा तपासणीला सोयीचा. मॉन्सून्ड मलबार नको, तो पावसाळी वाऱ्यात फुगवलेला मऊ आणि हलका दाणा, त्याचा आकडाच वेगळा.

आकडा बदललात की आत आधीच्या मापाची पूड शिल्लक असते, म्हणून चार-पाच ग्रॅम दळून टाकून द्या. आवडत नाही मलाही, अन्नाचा अपमान वाटतो. तुळशीच्या कुंडीत घाला. मग आकड्याला हात न लावता ओळीने तीन शॉट काढा. तिघांच्या वेळेत दोन-तीन सेकंदांचा फरक असेल तर यंत्र ठीक, चवीचं पुढे जुळवत बसा. २४, ३३, २१ असं काही आलं तर संशय आधी स्वतःच्या हातावर घ्या. पूड बास्केटमध्ये, म्हणजे मशीनच्या जाळीदार वाटीत, समतल झाली नाही किंवा टॅम्प (पूड दाबायचा दट्ट्या) तिरका बसला, तर पाणी एका जागी भोक पाडून पळतं. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारी मूठ) असेल तर ते डोळ्यांना दिसतं, एका कडेने पिवळट पिचकारी उडते.

यावर जॉन वाइस यांनी सुचवलेली युक्ती आता सगळेच वापरतात. बारीक सुयांनी बास्केटमधली पूड तळापासून ढवळायची, गुठळ्या मोडायच्या, मग टॅम्प. बाजारातलं साधन महाग पडतं. ०.३५ मिलिमीटरच्या ॲक्युपंक्चरच्या पाच-सहा सुया बाटलीच्या बुचात खोचल्या की काम झालं. सुया शिवणाच्या नकोत, जाड पडतात, पुडीत नांगरट होते.

हातही स्थिर आहे आणि वेळ तरीही उड्या मारते? मग अदलाबदल करा, माझ्या मते याच्याइतकी निर्णायक परीक्षा दुसरी नाही. ग्राइंडर असलेला एखादा मित्र गाठा. तुमच्या ग्राइंडरची पूड त्याच्या एस्प्रेसो मशीनवर, त्याची तुमच्या मशीनवर. पूड झाकणाच्या डबीत न्या आणि वेळ दवडू नका, दळलेली कॉफी भराभर शिळी होते. कोथरूडहून कर्वेनगर ठीक, कोथरूडहून खराडीला जाऊ नका. त्याच्या पुडीनेही तुमच्या मशीनवर असाच गोंधळ झाला, तर दोष मशीनच्या पंपात किंवा तापमानात आहे. ग्राइंडर सुटला.

मार्करची परीक्षा

इथपर्यंत येऊनही संशय ग्राइंडरवरच असेल तरच तो उघडा. ॲलन की रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील, पांढऱ्या फळ्यावरचा मार्कर अप्पा बळवंत चौकात. प्लग काढा. स्विच बंद केला एवढ्यावर भागवू नका, प्लग हातात दिसला पाहिजे.

स्क्रू जोर लावूनही सुटत नसेल तर थांबा, काही यंत्रांत आटे उलटे असतात. स्क्रू कुठला कुठून निघाला त्याचा फोटो काढा. बर कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका, पोलाद गंजतं. मग जागेवर बसलेल्या चकतीच्या बाहेरच्या सपाट कडेवर मार्करची शाई गोलाकार फासा. उघडलेले भाग परत बसवा (प्लग मात्र बाहेरच), बर जेमतेम शिवतील इतके जवळ आणा आणि फिरणारी चकती हाताने दोन-तीन फेरे फिरवा. उघडा. शाई सगळीकडून सारखी घासली गेली असेल तर बर समांतर आहेत. घड्याळातल्या दोन ते पाच एवढ्याच भागात गेली असेल तर ती बाजू उंच. मग शाई पुसून हेच फिरणाऱ्या चकतीवर करा. ज्या चकतीवर शाई एकाच बाजूने जाते तिचीच बैठक तिरकी असते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या बघायच्या.

शंकूच्या बरांत ही परीक्षा फारशी उपयोगी नाही. तिथे मधला शंकू हाताने हलवून बघा, आडवा खेळ जाणवतो का ते.

माझ्या यंत्राची शाई एका बाजूने गेली. इंटरनेटवर वाचलं होतं की न घासलेल्या भागाखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी सरकवायची, म्हणजे ती बाजू मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाने उचलली जाते. उपाय खरा आहे. मी पट्ट्या कापल्यासुद्धा. चकती उचलली तर तिच्या बैठकीवर दाण्याचं फोलपट चिकटलेलं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. आधी यंत्र उघडून झाडलं होतं ना, तेव्हा मीच ते आत गाडलं होतं. पुसलं, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले, शाई गोल सारखी गेली. फॉइल पुन्हा पोळ्यांकडे.

म्हणून आधी बैठक साफ, मग स्क्रू, आणि फॉइल सर्वांत शेवटी. यंत्र हमीत असेल तर फॉइल लावण्याआधी शाईचा फोटो विक्रेत्याला पाठवा. पट्टी लावून झाल्यावर तो हात वर करू शकतो.

नेहमीच्या तक्रारी

पूड भिंतीला, कपाला, तुमच्या शर्टाला चिकटते आहे. ही स्थिर वीज. मार्च ते मे या कोरड्या पुण्यात ती जोरात असते. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवा, झटका आणि त्या ओलाव्याने दाणे दळण्याआधी ढवळा. एक थेंब बास. डेव्हिड रॉस यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. २०२३मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की दळताना थोडं पाणी असलं तर विद्युतभार घटतो, गुठळ्या कमी होतात आणि पाण्यात कॉफी जास्त उतरते. वजनाच्या परीक्षेत तोंडाशी साचणारी पूडही बहुधा यानेच सुटते.

पावसाळा लागला आणि काल जुळलेला शॉट आज नीट येत नाही. दाणे आणि पूड ओल धरतात, त्यामुळे आकडा हलतो. माझ्या ओट्यावर जुलैत शॉट मंदावतात आणि एक-दोन खुणा जाडसर जावं लागतं. दाणे हवाबंद ठेवा, हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या वरच्या दाण्यांच्या भांड्यात, रात्रभर ठेवू नका. पाकीट उघडल्यावर दिवसागणिक शॉट वेगवान होत जातो, तो दाणा म्हातारा होतो म्हणून. रोज किंचित बारीक करत जा.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. लगेच बंद करा. दाणे अडकलेत का बघा, आकडा जाडसर करा, दाणे काढा. रिकामं असतानाही नुसतं गुणगुणत असेल तर इंडक्शन मोटरचा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. तो इलेक्ट्रिशियनने बदलायचा, बंद यंत्रातही त्यात वीज साठून राहू शकते. दळताना मध्येच बंद पडलं आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालं, तर तापल्यामुळे सुरक्षेचं बटण पडलं होतं. फिक्या भाजणीचे कडक दाणे असतील तर मोटर आधी चालू करून दाणे हळूहळू सोडा.

दळताना अचानक ‘टक्क’. खडा! कॉफीच्या दाण्यांत खडे येतात, चांगल्या रोस्टरच्या पाकिटातही क्वचित येतात. यंत्र बंद, प्लग बाहेर, बर उघडा, दात मोडलाय का बघा. मोडलेला दात घासून नीट होत नाही, बर बदलावे लागतात. डाळ-तांदूळ निवडतो तसे १८ ग्रॅम दाणे ताटलीत पसरून बोट फिरवायला दहा सेकंद लागतात. आमच्याकडे हे काम आईने स्वतःहून घेतलं आहे आणि आतापर्यंत तिने दोन खडे पकडलेत.

कितीही बारीक केलं तरी शॉट पळतोच. दाणे जुने नाहीत ना, डोस कमी पडत नाही ना, हे आधी. मग शून्य पुन्हा शोधा. किर्र वाजायच्या जेमतेम एक खूण अलीकडे असूनही पाणी धावत असेल, तर हे समांतरपणाचं लक्षण, मार्कर काढा. ‘बर झिजले असतील’ हे मात्र मनातून काढून टाका. जात्याला दर काही महिन्यांनी टाकी लावावी लागे, पण तो दगड होता. पोलादी बर काहीशे किलो दळतात. दिवसाला दोन शॉट म्हणजे वर्षाला तेरा किलो, हिशोब तुम्हीच करा.

तक्रार लिहायची वेळ आली तर

‘शॉट नीट येत नाही’ एवढंच लिहिलंत तर समोरून ‘बारीक दळून बघा’ एवढंच येईल. वहीतून हे उचला: दाण्याचं नाव आणि भाजल्याची तारीख, दहा वेळचं आत-बाहेर वजन, तीन शॉटच्या वेळा, शून्याचा आकडा, दोन्ही चकत्यांच्या शाईचे फोटो आणि रिकाम्या यंत्राच्या आवाजाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. व्हिडिओ काढताना मिक्सर आणि कुकर बंद असू द्या. हे पत्र परतीची मुदत संपायच्या किमान चार दिवस आधी जाऊ दे, आणि तोवर माळ्यावरचा खोका कोणी रद्दीवाल्याला दिला नाही ना, तेवढं एकदा वर चढून बघून या.